अल्बर्टाच्या खाणीसाठी कलमांची बाग गहाण टाकू का?

प्रश्न: मी रेडीच्या लोहखनिज खाणीत डंपर चालवायचो. मुलगा बारावी सायन्सला आहे, जेईई दिली आहे. कॅनडातल्या तेलवाळूच्या उघड्या खाणींचे व्हिडिओ बघून पेट्रोलियम इंजिनिअरिंगचा हट्ट धरून बसलाय. खासगी कॉलेजची फी भरायची तर शिरोड्याची कलमांची बाग गहाण टाकावी लागेल. टाकू का? – एक वडील, ता. वेंगुर्ला

उत्तर: नमस्कार. या पदवीसाठी तरी टाकू नका.

चिरंजीवांनी व्हिडिओत जे पाहिलं ते खाणकाम आहे. अल्बर्टा प्रांतातल्या फोर्ट मॅकमरी गावाच्या उत्तरेला वाळू डांबरासारख्या बिटुमेनने माखलेली आहे. बिटुमेन आपण होऊन वाहत नाही, म्हणून वाळूच खणून आणतात आणि गरम पाण्यात धुतात. एका बॅरलमागे साधारण दोन टन वाळू! थर 75 मीटरपेक्षा खोल गेला की खणणं परवडत नाही. तिथे विहिरींतून वाफ सोडतात, आणि पेट्रोलियम इंजिनिअर लागतो तो तिथे. सुमारे 80 टक्के साठा असाच खोल आहे, तेव्हा ती पदवी काही वाया जाणारी नाही. पण पोराला भुरळ पडलीय ती डंपरची.

खाण कशी उघडतात ते तुम्हीच त्याला सांगा. झाडं काढायची, पाणी काढायचं, वरची माती उचलायची, बेंच म्हणजे पायऱ्या पाडायच्या, डंपरसाठी हॉलरोड टाकायचा. आपण पाऊस थांबायची वाट बघतो. तिथे दलदल गोठायची बघतात, त्याशिवाय यंत्रं वर चढत नाहीत. डंपर 400 टनी, आणि आता काही खाणींत ड्रायव्हरविना धावणारे.

मात्र नवी खाण उघडायची संधी क्वचितच. पहिली मोठी खाण 1967 ची, अलीकडची फोर्ट हिल्स 2018 ची. फ्रंटिअर या नव्या खाणीचा अर्ज तर कॅनडाच्या केंद्र सरकारच्या निर्णयाच्या तोंडावर, फेब्रुवारी 2020 मध्ये कंपनीनेच मागे घेतला. मुलगा पदवीधर होईल तेव्हा काम असेल ते चालू खाणींत: कडे ढासळू न देणं, पाण्याचा उपसा, आणि टेलिंग्जचे, म्हणजे धुऊन उरलेल्या गाळपाण्याचे तलाव. धुतलेल्या वाळूतला बारीक गाळ वर्षानुवर्षं खाली बसत नाही, आणि जमीन पुन्हा आधीसारखी वापरण्याजोगी करायची कंपनीला कायद्याने सक्ती आहे. माझ्या मते माणसं लागतील ती याच कामांत.

त्यामुळे मायनिंग इंजिनिअरिंग बघा: जेईई मेनवर नागपूरचं व्हीएनआयटी, अॅडव्हान्स्डवर धनबादची आयआयटी. दोन्ही सरकारी. कॅनडा जमलं नाही तर चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी आहेतच. इथलं डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) मॅनेजर सर्टिफिकेट तिकडे चालत नाही. ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणवून घ्यायला ‘अपेगा’ या अल्बर्टातल्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. ‘तिकडची नोकरी पक्की’ म्हणणाऱ्या एजंटला आधी याच नोंदणीबद्दल विचारा आणि तो काय बोलतो ते ऐका.

निकाल लागला की रँक कळवा. पसंतीक्रम भरण्याआधी मुलाला फोनवर घ्या. आणखी दोन-तीन शाखा त्याच्याशीच बोलायच्या आहेत.