घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थेचं प्रमुखपद घेतलंय? आधी फायली बघा

पहिल्या आठवड्यात निधीच्या कागदांआधी केस-फायली उघडा. प्रत्येकीत सुरक्षित नंबर, फोन करायची वेळ आणि दुसऱ्याच कोणी उचलला तर काय बोलायचं, हे लिहिलंय का? नसेल तर फोन लावू नका. नुसत्या मिस्ड कॉलवरूनही मारहाण होऊ शकते. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा, त्यात पूर्वी गळा दाबलेला असेल तर जास्तच. अशी केस एकट्या कार्यकर्तीवर टाकू नका. त्याच दिवशी कार्यकर्तीबरोबर बसून त्या बाईची सुरक्षा योजना तपासा. बायकांची नावं देणगीदारांना द्यायची नाहीत. विश्वस्तांनाही नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. रात्रीच्या हेल्पलाइननंतरची सुट्टी वेळापत्रकातच लिहा. मागितली तर देऊ म्हटलं की कोणी मागत नाही.