कार्ड सासूबाईंच्या नावावर, धान्य कोणाचं?

प्रश्न : मी नागपुरात पाचपावलीला माहेरी राहते. सासर हिंगणा तालुक्यात. तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याने घराबाहेर काढलं. सोबत पाच वर्षांची मुलगी आणि चार महिन्यांचं बाळ आहे. सासरच्या रेशनकार्डावर माझं आणि मुलीचं नाव आहे, पण धान्य तेच उचलतात. मागितलं तर सासूबाई म्हणतात, "कार्ड माह्या नावानं हाये, तुयं काय त्यात?" दुकानदार म्हणतो, नाव कमी करायला त्यांची सही आणा. वडिलांच्या केशरी कार्डावर धान्य येत नाही. मी दोन घरी पोळ्या करते, महिन्याला चार हजार मिळतात.

उत्तर : ताई, कार्डाचं नंतर बघू. आधी उद्या सकाळी जवळच्या अंगणवाडीत जा. अन्न सुरक्षा कायद्याने बाळंतपणानंतर सहा महिने आईला तिथे मोफत आहार आहे. तुमचे दोनच महिने उरलेत. मुलीलाही सहा वर्षांची होईपर्यंत मिळतो. त्यासाठी रेशनकार्ड लागत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. 2013 च्या या कायद्याचं कलम 13 घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान स्त्रीला शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानतं. कार्ड पुरुषाच्या खिशात राहू नये म्हणून ही तरतूद झाली. एकाच घरातल्या सासू-सुनेचं पटलं नाही तर काय, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही! पण प्रमुख म्हणजे मालक नव्हे. कलम 3 प्रमाणे प्राधान्य कुटुंबात, म्हणजे कमी उत्पन्नामुळे या धान्यासाठी निवडलेल्या घरात, धान्य माणशी आहे, दरमहा 5 किलो, आणि सध्या मोफत. म्हणजे तुमचे आणि मुलीचे मिळून 10 किलो तुमचेच. कार्ड अंत्योदयचं, म्हणजे सर्वांत गरीब घरांचं, असेल तर मात्र हिशेब वेगळा. तिथे घरामागे 35 किलो असतं, माणशी वाटा नसतो.

कार्ड प्राधान्याचं असेल आणि तुमचं आधार त्याला जोडून ई-केवायसी झालेलं असेल, तर महिन्याच्या सुरुवातीलाच पाचपावलीतल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा नंबर घेऊन जा. अंगठा लावून त्या कार्डावरचं काही धान्य उचलता येतं, बाकीचं घरचे नंतर नेऊ शकतात. फक्त 10 किलोच घ्या. रागाच्या भरात सगळं उचललंत तर उद्या तेच तक्रार घेऊन येतील.

कायमचा उपाय वेगळ्या कार्डाचा. नाव कमी करणं दुकानदाराच्या हातात नाही, त्याच्याशी वाद घालू नका. हिंगणा तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. मी वेगळी राहते, सासूबाई सही देत नाहीत, चौकशी करून निर्णय द्या, असं स्पष्ट लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या. त्याच अर्जात तुमची दोन युनिटं, म्हणजे तुमचा आणि मुलीचा वाटा, नव्या कार्डावर प्राधान्य गटातच वर्ग करायची मागणी करा. लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरलेला असतो. इथे घाई केली तर नाव कमी होतं, नवं कार्ड मिळतं आणि धान्य मात्र नाही. नवं कार्ड नागपूर शहराच्या परिमंडळ कार्यालयातून मिळेल. शहरात प्राधान्य गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 59,000 रुपये आहे, तुमचं 48,000 होतं. वडिलांच्या कार्डावर नाव चढवू नका, धान्य मिळणार नाही. बाळाचा जन्मदाखला जोडा, त्याचं नाव अजून कुठेच नाही. अर्ज नाकारला किंवा नुसता पडून राहिला, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यावर राज्य अन्न आयोग.

आणि खरं सांगू का, 10 किलोवर थांबू नका. घरखर्चाला लागणाऱ्या वस्तू अडवणं हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ आहे. कलम 12 खाली अर्ज नागपुरातच करता येतो, हिंगण्याला जायची गरज नाही. त्यातच तुमच्या आणि मुलांच्या खर्चाची अंतरिम रक्कम मागा. वकिलाची फी नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना तहसीलची पोच आणि कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा.