डिस्चार्ज कार्डावरचा 'डिस'

प्रश्न : सिस्टर, आईला अर्धांगाचा झटका आला होता, परवा घरी आणली. डिस्चार्ज कार्डावर 'डिस्फेजिया' लिहिलंय. शेजारी म्हणतात, म्हणजे बोलता न येणं. पण आई बोलते की! तिच्या जुन्या कागदांवर डिस्पेप्सियाही आहे. हा 'डिस' काय प्रकार आहे? आणि तिला पेज द्यावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शेजाऱ्यांना हसू नका. वॉर्डात नवीन असताना मीही फसले होते. फोनवर डॉक्टर म्हणाले डिस्फेजिया, मी लिहिलं डिस्फेझिया. डॉक्टरांचा आवाज अजून कानात आहे! पहिल्याचा अर्थ गिळताना त्रास, दुसऱ्याचा बोलण्यात अडचण. इंग्रजीत मधे एका अक्षराचा फरक, 'जी' की 'एस'. झटक्यानंतर दोन्ही होऊ शकतात, म्हणून घोळ जास्त. अशी गफलत गोव्याला नवी नाही म्हणा. आपल्या 'मोडशी'चं पोर्तुगीजांनी 'मोर्देशी' केलं आणि फ्रेंचांनी तर त्यातून 'कुत्र्याचं मरण' असा अर्थ काढला. रोग तोच, कॉलरा.

आता 'डिस'. हा ग्रीक आहे, अर्थ वाईट, अवघड. पण परका नाही. आपल्या दुर्गंध, दुष्काळ, दुःसाध्य यांतला 'दुस्' त्याचा सख्खा भाऊ. शाळेत संस्कृत घेतलं होतं, ते मला असं वॉर्डात उपयोगी पडलं. डिस्पेप्सियातला 'पेप' म्हणजे आपला 'पच्', पचन. डिसेंट्रीतला 'एंटर' म्हणजे आंत्र, आतडं. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द डिस्मेनोरिया, पाळीतलं दुखणं. त्यात 'मेन' हा आपला मास आणि 'रिया' हा स्राव. ग्रीकांनी सुरुवातीचा 'स' गाळला, एवढंच. म्हणजे दुस्, मास, स्राव, तिन्ही तुकडे नात्यातले. नर्सिंगच्या मुलींना हे सांगितलं की त्या पाठांतर सोडून हसायच्या.

बाकीचे झटपट : डिस्प्निया, धाप लागणं. डिस्युरिया, लघवीला जळजळ किंवा त्रास. डिस्ट्रोफीत 'ट्रोफी' म्हणजे पोषण, पण म्हणून डिस्ट्रोफी झालेलं मूल नीट जेवत नाही असं समजू नका. तिथे बिघाड स्नायूंच्या आतला असतो, ताटातला नव्हे. यातले बरेच शब्द मुळात तक्रारीची नावं आहेत. गिळायला त्रास होतो एवढंच डिस्फेजिया सांगतो, का होतो ते नाही.

एक चोर मात्र ओळखून ठेवा. 'वाय'ऐवजी 'आय' लिहिलेला 'डिस' लॅटिन असतो, त्याचा अर्थ दूर, वेगळं. तुमच्या कार्डावरचा 'डिस्चार्ज' त्यातलाच. मूळ अर्थ ओझं उतरवणं. कुणाच्या अंगावरचं, ते बिल भरणाऱ्याला विचारा.

आता पेज. आपल्याला वाटतं पातळ म्हणजे सोपं. पण अशा पुष्कळ रुग्णांना पातळच घातक ठरतं. पाणी, चहा, निवळ पेज झरकन उतरते आणि श्वासनलिकेत शिरते. किती दाट द्यायचं ते डॉक्टरांना किंवा गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टना विचारा आणि तोवर अंदाजाने काही भरवू नका. ते हो म्हणाले की आईला ताठ बसवा, लहान चमचा घ्या, पहिला घोट गिळल्याशिवाय दुसरा नको. भरवल्यावर अर्धा तास तरी आडवी करू नका. जेवताना खोकला आला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला, तर तिथेच थांबा आणि लगेच फोन करा. नाव नीट सांगा : फेजिया, 'जी'वाला.