आधी १२७ हाताने करून बघ
हे बघ, २०२४ मध्ये सापडलेला ४ कोटी १० लाख अंकी प्राइम, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, भारीच आहे पण लगेच त्यात घुसू नकोस. आधी ल्युका-लेमर टेस्ट (२ चा घात वजा १ असा नंबर प्राइम आहे का ते तपासायची पद्धत) १२७ वर हाताने कर, तो २ चा ७ वा घात वजा १ आहे. ४ पासून सुरू कर, वर्ग करून २ वजा कर, १२७ ने भागून बाकी ठेव, परत तेच, असं ५ वेळा: ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग बरोब्बर ०! शून्य आलं म्हणजे प्राइम, इतकं सुंदर आहे हे. त्या राक्षसी नंबरची खात्रीही शेवटी ह्याच टेस्टने केली, फक्त स्टेप्स कोट्यवधी. आणि घात प्राइम आहे म्हणजे नंबरही प्राइम असं धरू नकोस हां, ११ घेतलास तर २०४७ येतो, तो २३ गुणिले ८९ आहे.