लेक म्हणते, अफगाणिस्तानातून बातम्या लिहिणार

सोलापूरहून एका आईचं चार पानी पत्र आलंय. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. आई लिहितात : "एमपीएससीचा क्लास लाव म्हटलं तर म्हणते, मी अफगाणिस्तानात जाऊन परदेशी पेपरांना बातम्या देणार. हे काय काम असतं का? पगार कोण देतं? तिथं ती एकटीच असणार का? आणि मुलीच्या जातीला तिथं कोण उभं करेल? तुम्हीच समजवा तिला." पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत : "सर, आईनेच लिही म्हटलं म्हणून लिहितेय. पत्रकारितेचा कोर्स करू की भाषा शिकू, एवढंच सांगा."

ताई,

'समजवा' म्हणजे 'नाही म्हणायला लावा', हे मला कळलं. ते मी करणार नाही. पण तिची बॅग भरून देण्याचीही मला घाई नाही.

हे काम असतं, आणि पगारीही असतं. रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्था जगभरच्या वर्तमानपत्रांना बातम्या आणि फोटो पुरवतात. भारतात त्यांची कार्यालयं आहेत. रॉयटर्सचं तर बंगळुरूत मोठं न्यूजरूम आहे. तिथं नोकरी असली की पगार असतो, विमा असतो, आणि 'आज हॉटेलाबाहेर पडायचं नाही' असं फोनवर दरडावणारा संपादक असतो. या शेवटच्या माणसाची किंमत घरबसल्या कळत नाही.

दुसरा रस्ता फ्रीलान्सरचा. आपल्या खर्चानं जायचं, बातमी विकली गेली तर मानधन. गाडी, ड्रायव्हर, दुभाषा, राहणं, सगळं खिशातून. नेहमीच्या प्रवास विम्यात युद्धात झालेली इजा बहुधा धरतच नाहीत. सीरियात २०१२ साली अपहरण झालेला आणि २०१४ साली मारला गेलेला जेम्स फोली फ्रीलान्सरच होता. त्यानंतर, २०१५ मध्ये, मोठ्या वृत्तसंस्थांनी आणि पत्रकारांच्या संघटनांनी एकत्र बसून फ्रीलान्सरांच्या सुरक्षेची तत्त्वं लिहून काढली. म्हणजे तोवर तीही लिहिलेली नव्हती! तेव्हा तिच्यासाठी माझी एक अट : पहिली काही वर्षं पाठीशी संस्था असल्याशिवाय युद्धाच्या मुलखात पाऊल टाकायचं नाही.

दानिश सिद्दिकी हे नाव तिला माहीत असेल, तुम्हाला कदाचित नसेल. दिल्लीच्या जामियात शिकलेला, आधी टीव्हीचा बातमीदार. ते सोडून २०१० साली तो रॉयटर्समध्ये छायाचित्रकार व्हायला इंटर्न म्हणून लागला, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. काही वर्षं मुंबईत राहून त्यानं काम केलं. नेपाळचा भूकंप, म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्यांचे तांडे, इराकमधली मोसूलची लढाई. मोसूलपर्यंत पोचायला त्याला सहा-सात वर्षं लागली, आणि मधल्या काळातली बरीचशी कामं आपल्याच देशातली, रोजची होती. रोहिंग्यांवरच्या कामासाठी २०१८ साली रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं, त्यात तो होता. आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही : १६ जुलै २०२१ ला कंदाहार प्रांतात, स्पिन बोल्दाकला, अफगाण सैन्याच्या तुकडीबरोबर असताना तो मारला गेला. वय ३८. अनुभव होता, पाठीशी मोठी संस्था होती, तरीही. धोका कमी करता येतो, शून्य करता येत नाही. याउलट कुणी सांगितलं तर त्या माणसाचा सल्ला घेऊ नका.

तुमचा तिसरा प्रश्न, तिथं ती एकटी असेल का, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. नाही, एकटी नसेल. परदेशी बातमीदाराबरोबर एक स्थानिक माणूस असतो, या धंद्यात त्याला फिक्सर म्हणतात. तो भाषांतर करतो, कोणत्या रस्त्यानं जायचं ते सांगतो, कुणाला भेटायचं ते ठरवतो, आणि चेकपोस्टवर खिडकीची काच खाली करून बोलतो तोच. बातमीवर नाव मात्र बहुतेक वेळा पाहुण्याचं.

मार्च २००७ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात तालिबाननं तिघांना पकडलं : इटालियन पत्रकार दानिएले मास्त्रोजाकोमो, त्याचा ड्रायव्हर सय्यद आगा आणि दुभाषा अजमल नक्शबंदी. ड्रायव्हरचा गळा चिरला. इटालियन पत्रकारासाठी कैद्यांची अदलाबदल झाली, तो घरी पोचला. अजमल त्यांच्याच ताब्यात राहिला आणि एप्रिलमध्ये त्यालाही मारलं. दोन वर्षांनी कुंदुझजवळ परत तेच. न्यूयॉर्क टाइम्सचा स्टीफन फॅरेल आणि अफगाण पत्रकार सुलतान मुनादी यांना पळवलं. ब्रिटिश कमांडो सोडवायला गेले, फॅरेल वाचला, मुनादी त्या चकमकीत गेला.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, ताई. हे तिच्यासाठी आहे. ती जाईल तेव्हा तिच्याजवळ भारतीय पासपोर्ट असेल, परतीचं तिकीट असेल. बातमी छापून आल्यावर ती विमानात असेल आणि तिला घेऊन फिरणारा माणूस त्याच गल्लीत असेल. त्याचं नाव छापायचं की नाही, त्याच्या घराजवळ गाडी थांबवायची की नाही, त्याला विमा आहे का, हे प्रश्न तिनं आपण होऊन विचारले तर ती या कामाला लायक. नाही विचारले, तर तिनं एमपीएससीच करावी, हे मी मनापासून म्हणतोय.

आता तिच्या दोन ओळींकडे. कोर्स की भाषा? मुली, दोन्ही, पण भाषा आधी. पत्रकारितेचा एक वर्षाचा कोर्स पुढे कधीही होतो : चेन्नईला एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम आहे, आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं, केंद्र अमरावतीलाही आहे. भाषा तिशीनंतर जड जाते. अफगाणिस्तानात दरी आणि पश्तो चालतात. दरी म्हणजे तिथली फारसी. दिल्लीच्या जेएनयूमध्ये फारसी आणि पश्तो दोन्ही शिकवतात. फारसी तुला वाटते तितकी परकी नाही. बाजार, जमीन, दरवाजा, गुन्हेगारमधला गुन्हा, सगळं तिकडूनच आलेलं. पेशवा हा शब्दसुद्धा. अवघड जाईल ती लिपी आणि जोडून लिहायची सवय. फार लांब जायचं नसेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या एकाच आवारात पत्रकारिता आणि परदेशी भाषा, दोन्ही विभाग आहेत. तिथं फ्रेंच घे, ती आफ्रिकेतल्या अर्ध्या संघर्षांत उपयोगी पडते. अफगाणिस्तानच हवं हा हट्ट दहा वर्षांनी राहीलच असं नाही.

परदेशी वाचकासाठी लिहिणं म्हणजे सोप्या इंग्रजीत लिहिणं, असा मुलांचा समज असतो. अब्दालीचं उदाहरण घे. आपल्याला तो पानिपतामुळे माहीत. शाळेपासून त्याचं नाव आपण शिवी दिल्यासारखं उच्चारतो. कंदाहारला त्याची मोठी कबर आहे आणि तिथले लोक त्याला 'अहमदशाह बाबा' म्हणतात, देशाचा बाप. आता कॅनडातल्या वाचकाला यातलं काहीच माहीत नाही, ना पानिपत ना बाबा. त्याच्यासाठी त्या कबरीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यावर लिहायचं, तर अब्दाली कोण हे किती शब्दांत सांगशील? बारा, पंधरा. त्यापेक्षा जास्त झाले की तो पान उलटतो. आणि ते पंधरा शब्द पुण्याचेही असता कामा नयेत, कंदाहारचेही. मला विचारशील तर ही कसरत गोळीबारापेक्षा अवघड आहे. मी गोळीबार पाहिलेला नाही, हेही सांगून टाकतो.

मुलीच्या जातीबद्दल, ताई. अफगाण घरांत आतल्या दालनात पुरुष बातमीदाराला जाता येत नाही. बाईला जाता येतं. म्हणजे अर्ध्या देशाशी बोलायचं तर बाईच हवी. तालिबाननं २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद ठेवल्यात, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद केली. ही बातमी रोज घडते, आणि ती मुख्यतः अफगाण बायकाच बाहेर आणताहेत. झहरा जोया या पत्रकार बाई लंडनहून 'रुखशाना मीडिया' चालवतात. देशात उरलेल्या बातमीदार मुली त्यांना नाव न सांगता मजकूर पाठवतात. तुमच्या लेकीला तिथं जाण्याआधी अशा लोकांबरोबर इथूनच काम करता येईल. व्हिसाही लागत नाही.

जायची वेळ आलीच तर आधी प्रथमोपचार. २०११ साली लिबियातल्या मिस्राताला टिम हेदरिंग्टन हा छायाचित्रकार मांडीतून रक्तस्राव होऊन गेला. रक्त थांबवायला जवळच्या कुणाला येत असतं तर कदाचित वाचला असता, हे कळल्यावर त्याच्या मित्रानं, सबॅस्टियन युंगरनं, फ्रीलान्सरांना मोफत शिकवणारी 'रिस्क' ही संस्था काढली. अशी प्रशिक्षणं तीन-चार दिवसांची असतात. आपल्याकडे रेड क्रॉसचा साधा प्रथमोपचाराचा वर्ग असतो, तो तिनं याच सुट्टीत करावा. तुम्हीही करा, घरात उपयोगी पडतो.

आणि एक काम तिला आत्ताच देतोय. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका आहेत, तुमच्या घरापासून फार लांब नसतील. त्यांतल्या एकीच्या घरी चार दिवस जाऊन बसायचं. मग आठशे शब्द लिहायचे, इंग्रजीत, नॉर्वेतल्या अशा माणसासाठी ज्याला सोलापूर नकाशात सापडणार नाही. विडी म्हणजे काय हे अर्ध्या वाक्यात. गरीब बिचारी हा सूर नको. छापण्याआधी त्या बाईला मजकूर मराठीत वाचून दाखवायचा, आणि नाव घातलं तर मुकादम तिचं काम बंद करेल का हे तिलाच विचारायचं. महिन्याभरात मला पाठव म्हणावं. फोटो नकोत.