मोबाइलच्या अतिवापराने मेंदूवर परिणाम होतो का? विसरभोळेपणा त्यामुळेच वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, दिवसाचे सहा-सात तास मोबाइल हातात. हल्ली माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत, आतल्या खोलीत कशाला आलो तेच विसरायला होतं, ओटीपी वाचून टाकेपर्यंत डोक्यातून निघून जातो. घरचे म्हणतात, रेडिएशनने मेंदू पोखरला. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ: ७१ वर्षांची आईही वर्षभर तेच तेच विचारते, म्हणून तिचा मोबाइल काढून घ्यावा असं भावाचं म्हणणं आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. मला विचाराल तर या सगळ्यात ती शेवटची ओळच सगळ्यात महत्त्वाची आहे. पण आधी रेडिएशनचं बघू, कारण ती भीती मनात असेपर्यंत पुढचं काही पटत नाही.

मोबाइलमधून निघतात त्या रेडिओ लहरी. एक्स-रे डीएनएला इजा करू शकतो, कारण त्याच्या एकेका फोटॉनमध्ये (म्हणजे ऊर्जेच्या एकेका पुडीत) रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या लाखाव्या हिश्श्याइतकीही ऊर्जा नेहमीच्या मोबाइल लहरींच्या फोटॉनमध्ये नसते. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊतींचं किंचित तापणं. त्यावर मर्यादा म्हणून एसएआरचा (शरीर या लहरींची ऊर्जा किती शोषतं, त्याच्या मापाचा) नियम आहे: काही देशांत एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोमागे १.६ वॅट, काही ठिकाणी दहा ग्रॅमवर २ वॅट. लांबलचक कॉलनंतर कान गरम लागतो, तो मात्र बहुतेक करून बॅटरीच्या आणि सर्किटच्या उष्णतेमुळे आणि कानाला चिकटलेल्या काचेमुळे.

‘मोबाइलने कॅन्सर होतो’ ही समजूत पसरली ती २०११ नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्या वर्षी या लहरींना २बी गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा अपुरा आहे’ एवढाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ६३ अभ्यास एकत्र तपासले आणि मोबाइलचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांमध्येही नाही.

पण तुम्ही कॅन्सरचं विचारलेलं नाही, विसरण्याचं विचारलंय. तिथे एक अभ्यास मी हसण्यावारी नेत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १२ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७०० मुलांना वर्षभर तपासलं. २०१८ मध्ये आलेल्या त्या निकालात, फोन उजव्या कानाला लावणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या मेंदूवर लहरींचा मारा जास्त, त्यांची आकृत्या लक्षात ठेवण्याची क्षमता थोडी कमी भरली. शब्दांच्या स्मृतीत तसं काही दिसलं नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण फार वेळ बोलायचं असेल तर इअरफोन लावा, रेंज कमी असेल तिथे लांबचे कॉल टाळा (रेंज कमी असली की फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो), इतपत काळजी घ्यायला काही पैसे पडत नाहीत. उंदरांवरचे प्रयोग दोन्ही बाजूंना मिळतात. २०१० मध्ये तर अल्झायमरसारखी लक्षणं असलेल्या उंदरांची स्मृती अशा लहरींनी सुधारल्याचं फ्लोरिडातल्या संशोधकांनी मांडलं होतं. त्यावरून कोणी आजोबांच्या उशाशी चार फोन ठेवले नाहीत, ते बरंच झालं.

शिवाय तुमच्या सहा-सात तासांत फोन कानाला किती वेळ असतो? बहुतेक वेळ तो डोळ्यांसमोर असतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

माझ्याकडच्या चाचणीत काय होतं ते सांगते. मी पाच शब्द म्हणते, समजा पडदा, घोडा, चमचा, डोंगर, निळा. समोरच्याने ते दोनदा म्हणून दाखवायचे. मग मी विषय बदलते: शंभरातून सात वजा करत चला, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. पाचेक मिनिटांनी विचारते, मघाचे शब्द कोणते? तुमच्या वयाची, तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आलेली माणसं साधारण तीन-चार सांगतात आणि अडतात. मी म्हणते, ‘एक प्राणी होता बघा.’ लगेच, ‘हां, घोडा!’ म्हणजे शब्द आत गेला होता, फक्त वर यायला वेळ लागला. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला प्राणी सांगून, तीन पर्याय देऊनही काही हाती लागत नाही. कधीकधी तो शांतपणे म्हणतो, ‘तुम्ही शब्द कधी सांगितले?’ हा दुसरा प्रकार काळजीचा. तिथे नवी गोष्ट मेंदूत टिकतच नाही, आणि त्याचा बराचसा संबंध हिप्पोकॅम्पस या भागाशी असतो.

आता गंमत बघा. पहिल्या गटातली कित्येक माणसं दाराबाहेर ‘मला काही म्हणजे काही आठवत नाही’ असं सांगत असतात आणि आत आल्यावर पाचपैकी पाच शब्द सांगून मोकळी होतात. फरक इतकाच, की चाचणीच्या वेळी फोन बंद असतो. रोजच्या जगण्यात ती ज्याला विसरणं म्हणतात ते बहुतेक वेळा न नोंदलेलं असतं. वहीत लिहिलंच नाही, ते पानं उलटून सापडणार कसं? नव्या ओळखीचा माणूस नाव सांगत असताना तुमची नजर स्क्रीनवर असेल, तर ते नाव विसरलं असं म्हणण्यातही अर्थ नाही.

ओटीपीचंही तसंच. काही सेकंदांपुरतं डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते, तिला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती भलतीच छोटी असते. एका वेळी चारेक गोष्टी मावल्या तरी खूप. सहा आकडे तीन-तीनच्या जोडणीने कसेबसे बसतात, तेवढ्यात वरून एक मेसेज सरकत येतो आणि आकडे बाहेर ढकलले जातात. २०१५ मधल्या एका प्रयोगात तर फोन हातात न घेता नुसती नोटिफिकेशन वाजली, तरी लक्ष देऊन करायच्या कामात लोकांच्या चुका वाढल्या. फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धी कमी चालते, असं सांगणारा २०१७ चा अभ्यास तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसाच निकाल दरवेळी मिळालेला नाही, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही.

दुसरा भाग, आपण आठवणी फोनकडे सोपवतो. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या, असं लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंना दिसलं (त्यांचा शोधनिबंध २०१४ चा). पण त्यातच एक मेख आहे: ज्यांना झूम करून एखादा बारकावा टिपायला सांगितलं होतं, त्यांची आठवण शाबूत राहिली. कॅमेऱ्याचा दोष नाही, बघितलं की नाही हा प्रश्न. फोन नंबर पाठ नसण्याचं मला तर अजिबात दुःख नाही. ती हमाली होती, गेली ते बरं झालं. घरातल्या दोघातिघांचे नंबर तेवढे पाठ असू द्या.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र मी जरा सावध आहे. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५० वाहनचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीपीएसवर जास्त अवलंबून असणाऱ्यांची दिशा-स्थळांची स्मृती कमी भरली. त्यातल्या १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा मधल्या काळात ज्यांनी जीपीएस जास्त वापरला त्यांची घसरणही जास्त होती. तेरा म्हणजे काहीच नाही, कबूल. तरी वाट शोधण्याचं काम हिप्पोकॅम्पसचं असल्याने ओळखीच्या रस्त्याला तो बाईचा आवाज मी बंदच ठेवते.

आणि झोप. मोबाइल स्मरणशक्तीचं खरं नुकसान कुठे करत असेल तर इथे. दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं काम बरंचसं गाढ झोपेत चालतं. बारा ऐवजी एक, एक ऐवजी दीड असं करत ती झोप कापली, की दुसऱ्या दिवशी लक्षही लागत नाही आणि आदल्या दिवसाचंही नीट बसत नाही. निळ्या प्रकाशाला लोक फार दोष देतात. माझ्या मते प्रकाशापेक्षा ‘अजून एक व्हिडिओ’ हा जास्त मोठा चोर आहे. पिवळ्या काचांचा चष्मा लावून दीडपर्यंत जागणाऱ्याला त्या चष्म्याचा काय उपयोग?

तेव्हा तुमच्या बाबतीत ‘डिजिटल डिमेन्शिया’ (म्हणजे स्क्रीनमुळे येणारा स्मृतिभ्रंश) वगैरे शब्द डोक्यातून काढून टाका. असं निदान वैद्यकात नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं लक्ष आणि झोप या दोन खात्यांत बसतं. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, बिनकामाच्या नोटिफिकेशन बंद करा. तरीही दोनेक महिन्यांत फरक वाटला नाही, तर बी-१२ आणि थायरॉइड तपासा, आणि घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडत असेल तर माणूस आठ तास झोपूनही दिवसभर विसरतो.

आता तुमच्या आईंचं. तुम्ही ओटीपी विसरता आणि आई वर्षभर तेच तेच विचारतात, या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिल्यात, पण त्या एक नाहीत. उत्तर मिळाल्यावर दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येत असेल, तर वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराची शंका घ्यावी लागते. ‘मोबाइलमुळे होतंय’ म्हणून सोडून देण्यात इथे वेळ जातो. मला सगळ्यात जास्त राग या स्पष्टीकरणाचा येतो, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि तपासणी लांबवतं.

फोन काढून घेण्याला आधार तर नाहीच, उलट चित्र वेगळं आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ५७ अभ्यासांतली चार लाखांहून जास्त माणसं होती. उतारवयात फोन, कॉम्प्युटर, इंटरनेट वापरणाऱ्यांमध्ये बौद्धिक ऱ्हासाची जोखीम ५८ टक्क्यांनी कमी दिसली. यातला काही भाग उलटाही असेल, म्हणजे ज्यांची बुद्धी मंदावू लागली त्यांनीच फोन सोडला असेल. पण वापरल्याने बिघडतं, असा सूर त्यात कुठेही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ऐकू कमी येणं, दिसायला कमी, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण वगैरे. ही सगळी सावरली तर साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. यादीत मोबाइल नाही, एकटेपणा आहे. दिवसाकाठी दोन बहिणींशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या बाईचा फोन काढून घेतला, तर आपण कोणत्या बाजूने ढकलतोय ते बघा.

आईंना न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा जेरियाट्रिक (वृद्धांसाठीच्या) ओपीडीत घेऊन जा. बी-१२, थायरॉइड, साखर यांच्या तपासण्या होतील, गरज वाटली तर स्कॅन. कानही तपासून घ्या; नीट ऐकूच न आल्यामुळे पुन्हा विचारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि श्रवणयंत्राने त्यांचं अर्धं घर शांत होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवीवर ताबा राहण्यासाठी दिलेल्या काही गोळ्या म्हातारपणी स्मृती मंदावतात, आणि घरचे नेमक्या त्याच सांगायला विसरतात. आई उदास असतात का, जेवण-झोप बदललंय का, हेही सांगा. आणि बरोबर तुम्ही जा, कारण ‘मला काही झालेलं नाही’ हे त्या फार ठामपणे सांगतील.

जाण्याआधी आठवडाभर एक गोष्ट टिपून ठेवा: आई फोन कसा वापरतात. आधी स्वतः व्हॉइस मेसेज पाठवायच्या, आता बटण सापडत नाही? एकाच व्यक्तीला दिवसातून पाचदा फोन जातो? आलेला फोन घेता येतो, पण स्वतः लावता येत नाही? वृद्धांची रोजची कामं मोजण्याची लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची प्रश्नावली आम्ही आजही वापरतो, आणि तिच्यातला पहिलाच प्रश्न टेलिफोनचा आहे. त्यामुळे फोन त्यांच्याकडेच राहू द्या, डॉक्टर त्याबद्दल विचारतीलच.