बाबांचा मोतीबिंदू पार पिकलाय, आतला पडदा (रेटिना) डॉक्टरांना दिसत नाही. टॉर्चने पडद्याचं काम कळतं का?

बऱ्याच अंशी कळतं. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसतात, कारण मेंदूतून संदेश दोन्हीकडे जातो. म्हणून दोन डोळ्यांची तुलना करायची.

खोली अंधुक हवी. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हातून आला असाल तर आधी पाचेक मिनिटं आत बसा. नजर लांबच्या भिंतीवर; टॉर्चकडे पाहिलं तर जवळच्या नजरेनेच बाहुली लहान होते, आणि बहुतेकांची तपासणी इथेच फसते. उजेड किंचित खालून, प्रत्येक डोळ्यावर २-३ सेकंद, मग झटकन दुसऱ्यावर. उजेड पडूनही बाहुली मोठी होऊ लागली, तर त्या डोळ्याच्या पडद्यात किंवा नसेत मोठा बिघाड समजा. नुसत्या मोतीबिंदूने असं होत नाही, उजेड विखुरला तरी पडद्यापर्यंत पोचतोच.

दोन्ही पडदे सारखेच खराब असतील तर मात्र फरक दिसणार नाही. पडद्याच्या मधोमध असलेला छोटा डागही निसटतो. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर ही तपासणी करूच नका.

फरक दिसला तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागात दाखवा आणि ऑपरेशनच्या आधीच डोळ्याच्या सोनोग्राफीबद्दल विचारा.